गांडूळ नको असलेलं रान

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेत आपल्याकडून इतकं घोटून घेतलेलं असतं की त्याच्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं तरी राग यावा. इथं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मात्र सरकारच बजावतं: मासेमारीनंतर उरलेली गांडुळं रानात टाकू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.

हिमयुगात हा बहुतेक मुलूख बर्फाखाली गाडलेला होता. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटला, रान पुन्हा उभं राहिलं, पण गांडुळांवाचून. आज सापडतात ती सगळी बाहेरची, बहुतेक युरोपातली. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून, जहाजांत भाराला भरलेल्या मातीतून आलेली. म्हणजे माझ्यासारखीच उपरी. त्यांना व्हिसा लागला नाही, एवढाच फरक.

मग पाचोळा कुजवायचा कुणी? मुख्यतः बुरशीनं, आणि तिला कसली घाई नसते. शुगर मेपलच्या जुन्या रानात पाचोळ्यात हात घालून बघावं. वर यंदाची पानं, कोरडी, कुरकुरीत. खाली गेल्या वर्षीची, ओली, एकमेकांना चिकटून बसलेली. आणखी खाली पानाची नुसती जाळी उरते. शिरांमधला मऊ भाग कोलेंबोला, माइट असल्या बारक्या जिवांनी कुरतडून नेलेला. शिरांतलं लिग्निन, म्हणजे त्यांना ताठपणा देणारं द्रव्य, फार चिवट. ते फोडणं बुरशीलाच जमतं, तेही सावकाश. तळाशी काळा भुसभुशीत थर, पांढऱ्या तंतूंनी असा शिवलेला की उचलला तर गोधडीसारखा सलग वर येतो. हाताला अळंबीचा वास राहतो, बराच वेळ.

या थरात ट्रिलियम नावाचं रानफूल रुजतं. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला त्याला सात ते दहा वर्षं लागतात, तेव्हा त्याचाही स्वभाव बुरशीशी जुळणाराच म्हणायचा. ओव्हनबर्ड नावाचा चिमुकला पक्षी घरटं बांधतो तेही जमिनीवर, पाचोळ्यातच.

अशा ठिकाणी नाइटक्रॉलर जातीचं गांडूळ शिरलं की रात्री बिळातून अर्धं बाहेर येतं, पानाचं टोक धरतं आणि पान आत ओढून घेतं. अशी गांडुळं फार झाली की उन्हाळा संपेपर्यंत आदल्या शरदातला पाचोळा फस्त. माती उघडी, झाडांची मुळं उघडी, ट्रिलियम आणि मेपलची कोवळी रोपं विरळ. खत झालं, पण रान गेलं! बरं, आपल्या चालीनं ही गांडुळं वर्षाला पाच-दहा मीटरच सरकतात. पुढचा प्रवास गळ टाकणाऱ्यांच्या डब्यातून, मोटारीनं.

सांगलीकडच्या मामांचे गांडूळखताचे वाफे आहेत. त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कचऱ्यात कशाला टाकतायत? इकडं पाठवा म्हणावं."