मुलांबरोबर नगरच्या रणगाडा संग्रहालयात

अहिल्यानगर शहराबाहेर, लष्करी परिसरालगत, रणगाडे आणि चिलखती गाड्यांचे एक संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी प्रशिक्षण संस्थेने ते उभे केले. फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि जनरल जोशी स्वतः रणगाडा दलातलेच अधिकारी होते. पन्नासच्या आसपास वाहने तिथे मोकळ्या आवारात ओळीने उभी आहेत. पुण्याहून सकाळी लवकर निघाले तर संध्याकाळपर्यंत घरी परतता येते, त्यामुळे मुलांच्या सुट्टीत हे ठिकाण सहज जमण्यासारखे आहे.

सहावीत शिकणारी माझी मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला माझा भाचा यांना घेऊन मी तिथे गेले, तेव्हा एक गोष्ट आधीच ठरवली होती, ती म्हणजे सगळे रणगाडे दाखवायचे नाहीत. तोफेचा व्यास, वजन, वेग हे आकडे या वयाच्या मुलांना आवडतात आणि ती ते भराभर पाठही करतात. पण त्या लोखंडाच्या आत कोण बसले होते, ते कुठून आले होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे कुणी सांगितल्याशिवाय मुलांना कळत नाही, आणि ते कळले नाही तर रणगाडा हे केवळ एक मोठे खेळणे उरते. म्हणून निवडक सात-आठ वाहनांपाशीच थांबायचे आणि प्रत्येक ठिकाणी आधी एकच प्रश्न विचारायचा असे आमचे ठरले: यात माणसे किती होती आणि ती काय करत होती?

आम्ही सुरुवात केली रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून. श्रीमंतांच्या मोटारीचे नाव या गाडीला कसे, असे भाच्याने लगेच विचारले. उत्तर सोपे आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, ब्रिटिशांनी सिल्व्हर घोस्ट या नामांकित मोटारीचाच सांगाडा घेतला, त्यावर पोलादी पत्रे चढवले आणि वर फिरता बुरूज बसवून त्यात व्हिकर्स मशीनगन ठेवली. ‘ही गोळ्या कुणावर झाडायची?’ हा त्याचा पुढचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. मी दोघांना अमृतसरबद्दल सांगितले. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायर सैनिकांबरोबर दोन चिलखती गाड्याही घेऊन जालियनवाला बागेकडे गेला होता. बागेत शिरण्याची बोळ अरुंद असल्यामुळे त्या गाड्या बाहेरच ठेवाव्या लागल्या, आणि त्या आत नेता आल्या असत्या तर त्यांच्यावरील मशीनगन बहुधा वापरल्या असत्या, असे त्याने पुढे त्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीसमोर कबूल केले. मुलीने जालियनवाला बागेचा धडा शाळेत वाचलेला आहे. पण ज्या प्रकारचे यंत्र त्या बोळीच्या तोंडाशी उभे होते ते डोळ्यांसमोर असताना तिने बोळीची रुंदी आणि गाडीची रुंदी यांचा विचार केला, आणि त्या धड्यातील एक वाक्य तिच्यासाठी प्रत्यक्ष घडलेली गोष्ट झाले. माझ्या मते अशा संग्रहालयात मुलांना नेण्याचे याहून मोठे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धातील मटिल्डा, व्हॅलेंटाइन वगैरे ब्रिटिश रणगाड्यांपाशी आम्ही फार रेंगाळलो नाही. चर्चिल रणगाडा आणि जपानी हा-गो यांची तुलना मात्र मी मुद्दाम करायला लावली. चर्चिलच्या सातव्या आवृत्तीचे समोरचे चिलखत १५२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे माझ्या मुलीची एक पूर्ण वीत. हा-गोचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे तिच्या बोटाएवढेही नाही. चर्चिलमध्ये पाच माणसे बसत, हा-गोमध्ये तीन. त्या तिघांपैकी बुरुजात एकटा कमांडर असे, आणि बाहेर पाहणे, हुकूम देणे, ३७ मिलिमीटरची तोफ भरणे, नेम धरणे आणि ती डागणे ही सगळी कामे त्याला एकट्यालाच करावी लागत. पूर्वेकडील जंगलांत आणि बेटांवर जपानी सैनिक अशाच हलक्या रणगाड्यांत बसून लढले. भाचा बराच वेळ त्या लहानशा बुरुजाकडे पाहत होता आणि मग म्हणाला, ‘मामी, त्याला भीती वाटत असेल ना?’ तो जपानी सैनिक ब्रिटिश-भारतीय फौजेचा शत्रू होता हे त्याला ठाऊक होते, तरीही त्याला हा प्रश्न पडला, याचा मला मनापासून आनंद झाला. भीती वाटतच असणार, असे मी त्याला सांगितले.

एव्हाना ऊन चढले होते. इथे फिरायचे ते उघड्यावर, त्यामुळे टोपी, पाणी आणि शक्य असेल तर हिवाळ्यातील सकाळ, एवढे जमवावेच. रणगाड्यांवर चढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. मात्र तापलेल्या लोखंडाची झळ जवळ उभे राहूनही जाणवते. झाकणे बंद केलेल्या रणगाड्यात राजस्थानच्या वाळवंटात बसणाऱ्या जवानाला काय सहन करावे लागत असेल, याची कल्पना त्या झळेमुळे मुलांना चांगलीच आली. आत इंजिनाची घरघर, तोफेच्या दारूचा धूर, आणि बाहेरचे जग पाहायला पेरिस्कोपची अरुंद काच, एवढेच मी त्याला जोडले.

सेंच्युरियन रणगाड्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. यात चौघे असतात. कमांडर, तोफेचा नेम धरणारा गनर, गोळा भरणारा लोडर आणि चालक. रेडिओ सांभाळण्याचे कामही लोडरकडेच असते. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत पूना हॉर्स ही रेजिमेंट सेंच्युरियनवर लढली. या रेजिमेंटची सुरुवात पेशवाईच्या अगदी अखेरीस, १८१७ मध्ये, घोडदळ म्हणून झाली, आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीर चक्र मिळाले आहे. पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. जन्म मुंबईचा, शालेय शिक्षण पुण्यात. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलोरा आणि चविंडा भागातील लढाईत ते जखमी झाले, मागे जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा आदळून ते धारातीर्थी पडले.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि त्यानंतर तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी इथेच, नगरला, आले. युद्धाची चिन्हे दिसू लागताच प्रशिक्षण अर्धवट सोडून त्यांना रेजिमेंटकडे परतावे लागले. १६ डिसेंबरला शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडण्याचा आदेश रेडिओवरून आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे, असे उत्तर देऊन ते लढत राहिले आणि तिथेच मृत्यू पावले. वय एकवीस. त्यांच्या त्या रणगाड्याचे नाव फॅमागुस्टा, आणि दुरुस्त केलेला तो रणगाडा पुढे नगरच्या याच प्रशिक्षण संस्थेत जतन करून ठेवण्यात आला. मुलीने मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, ‘म्हणजे आपल्या दादापेक्षा एकच वर्षाने मोठे.’ तिचा चुलतभाऊ वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. मी त्यावर काही बोलले नाही. फॅमागुस्टात त्यांच्याबरोबर आणखी तीन जवान होते, एवढी आठवण मात्र करून दिली, कारण आमचा प्रश्न ‘यात माणसे किती होती?’ हाच होता.

मुलांना असे मृत्यूबद्दल सांगावे का, असे मला ओळखीच्या एका पालकांनी विचारले. माझे मत स्पष्ट आहे. तोफेपुढे छायाचित्र काढून, वीरश्रीची दोन वाक्ये बोलून मुलाला घरी नेणे हे जास्त घातक आहे. रणगाडा दाखवायचा असेल तर त्यात जळालेला माणूसही सांगितला पाहिजे, मुलाच्या वयाला पेलेल इतपत, पण खरा.

पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापाशी वातावरण थोडे निवळले. हा अमेरिकी बनावटीचा रणगाडा त्या काळात अजिंक्य मानला जाई. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे भारतीय फौजेने कालव्याचे पाणी शेतांत सोडले आणि आपले रणगाडे उभ्या उसात दडवून ठेवले. चिखलात रुतून मंदावलेले पॅटन एकामागून एक बळी पडले. फोर ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने अनेक पॅटन उडवले आणि त्याच लढाईत त्यांना वीरमरण आले. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. ही लढाई मुलांना समजावून सांगायला नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. येताना रस्त्याने आम्ही उसाने लादलेल्या ट्रॉल्या पाहिल्या होत्या, आणि पाणी दिलेल्या शेतात शिरलेला ट्रॅक्टर कसा जागच्या जागी चाक फिरवत बसतो, हे भाच्याने आजोळी पाहिलेले आहे. चाळीस टनांहून जड रणगाड्याचे काय झाले असेल, ते त्यानेच मला समजावून सांगितले.

विजयंतापाशी थोडेच थांबलो. चेन्नईजवळ अवाडी येथील कारखान्यात, व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीच्या आराखड्यावरून बांधलेला हा भारतातला पहिला मुख्य रणगाडा. परमवीर चक्र आणि इतर शौर्यपदके मिळवणाऱ्यांची माहिती संग्रहालयात जिथे मांडली आहे, तिथे मुलांनी तारापोर आणि खेत्रपाल ही नावे स्वतः शोधून काढली.

परतताना गाडीत भाच्याने विचारले की रणगाडा डोंगर चढू शकतो का. तेव्हा मी त्याला काश्मीर आणि लडाख यांच्यामधील झोजिला खिंडीची हकिकत सांगितली. १९४८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लेहकडे जाणारी वाट पाकिस्तानी हल्लेखोरांनी त्या खिंडीत अडवली होती. जनरल थिमय्या यांनी सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून बुरूज उतरवून, झाकून, शत्रूला सुगावा लागू न देता काश्मीरमध्ये आणवले. मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या जवानांनी खिंडीच्या पायथ्याच्या बालतालपासून वर जाणारी खेचरांची पायवाट रणगाडे जातील एवढी रुंद केली. १ नोव्हेंबर रोजी, अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, बर्फात हे रणगाडे खिंडीत शिरले. तिथे रणगाडा दिसेल असे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते. खिंड मोकळी झाली, आणि त्याच महिन्यात द्रास आणि कारगिलमार्गे लेहशी संपर्क जोडला गेला. स्टुअर्टमध्ये माणसे किती असायची, हे त्याने मी सांगण्याआधीच विचारले. चार.