काचेचं घर आणि कचऱ्याचा डबा

आज परत एक घर बघून आलो, परत तेच, ओपन कन्सेप्ट. दार उघडलं की हॉल, डायनिंग, किचन सगळं एकदम समोर, आणि मागची अख्खी भिंत काचेची. एजंट म्हणाली बघा उजेड किती येतो. येत होता, नाही कशाला म्हणू. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून डॉ. एडिथ फार्न्सवर्थच आहेत. त्यांचं घर इथून जवळच, इलिनॉयमधल्या प्लानोला, फॉक्स नदीच्या काठी, आणि ते बघून आल्यापासून काचेची भिंत दिसली की मला पहिला प्रश्न पडतो तो हा की इथे माणसाने कपडे बदलायचे कुठे.

एडिथबाई शिकागोत किडनीच्या डॉक्टर, एकट्या राहायच्या, वीकेंडला निवांत पडता यावं म्हणून मीस व्हान डेर रोह या नावाजलेल्या आर्किटेक्टकडून हे घर बांधून घेतलं, 1951 ला पूर्ण झालं. चारही बाजूंनी काच, पांढरे स्टीलचे खांब, नदीला पूर येतो म्हणून जमिनीपासून पाच फूट वर उचललेलं, आणि आत एकच मोठी खोली. बाथरूम, शेकोटी, किचन सगळं मधल्या लाकडी भागाला धरून, बाकी भिंत म्हणून नाहीच. दिसायला इतकं सुंदर की मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी होते.

पण राहायचं त्यांना होतं ना. 1953 मधे त्यांनी एका मासिकाला सांगितलंय की सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, कारण येताना रस्त्यावरूनच सगळं किचन दिसतं, म्हणून डबा लांबच्या कपाटात लपवायचा. आणि दुसऱ्या एका कपाटाचं तर ऐकून मला इतका राग आला. आडोशाला म्हणून जे करायचं ते मीसला पाच फूट उंच हवं होतं, प्रमाणात दिसावं म्हणून, आणि या बाई सहा फूट उंच! पाहुणे असताना त्याच्यामागे कपडे बदलायचे तर डोकं वरून दिसणार. म्हणजे जिचं घर तिच्या उंचीचा विचारच नाही. त्यात उन्हाळ्यात काच तापायची, उघडायला दारं आणि दोन छोट्या खिडक्या, नदीकाठचे डास वेगळेच. पैशांवरून प्रकरण कोर्टात गेलं ते तर अजून एक.

फिलिप जॉन्सन या दुसऱ्या आर्किटेक्टने 1949 ला कनेटिकटमधे स्वतःसाठी ग्लास हाऊस बांधलं, त्याचं कौतुक सगळे करतात, पण त्याने समोरच विटांचं बंद घरही बांधलं होतं, आणि पुढे झोपायला तो स्वतः तिथे जायचा. आर्किटेक्टलासुद्धा आडोसा लागतोच की, मग क्लायंटने मागितला तर ती कटकटी कशी?

आमच्याकडे दोघांचे कॉल घरून, मुलाचा अभ्यास, मिक्सर, फोडणीचा खाट, आणि आई सहा-सहा महिने राहायला येते तेव्हा तिला दुपारी दार लोटून जरा आडवं व्हायचं असतं. हे सगळं एका खोलीत कसं बसवायचं? नवरा म्हणतो पडदे लावू. अरे, पडदेच ओढून बसायचं तर काचेचे पैसे कशाला द्यायचे. शनिवारी एक जुनं विटांचं घर बघायचंय, किचनला दार आहे, फोटोत जरा अंधारं दिसतंय म्हणून हा नको म्हणत होता, पण मी वेळ घेऊन टाकलीय.