चौथा पेला

"अगं, हा तर वर बघंनाच की!" मेथी निवडता निवडता आई म्हणाली.

सकाळच्या चहाबरोबर मी रोज एक टॅरो कार्ड काढते आणि वहीत चार ओळी लिहिते. भविष्य त्यात कधी शोधत नाही. आज 'फोर ऑफ कप्स' आलं. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, आणि ढगातून आलेला हात चौथा पेला पुढे करतोय. १९०९च्या संचातलं पामेला कोलमन स्मिथ यांचं चित्र. ७८ पत्त्यांत मला हेच सगळ्यात कंटाळवाणं वाटायचं.

आईनं मेथीची काडी त्या हातावर टेकवली. "रुसलाय. देणारा किती वेळ हात धरून बसणार?"

माझा चहा तसाच राहिला. परवापासून बहिणीचे तीन फोन आले होते. मी उचलले नव्हते.

पत्त्याला आमच्या घरातलं काय कळणार? पण चित्रातल्या माणसाबद्दल बोलताना आपलंच काहीतरी हाती लागतं. थेट विचारलं असतं, तर मी आईवरच चिडले असते.

संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावर थांबून फोन लावला. खाली कृष्णा संथ.

"जेवलीस का गं?" एवढंच विचारलं तिनं.

तुमचा कुणाचा फोन उचलायचा राहिलाय?