दोन सुगींत पूर्ण होणारा कॉम्प्युटर : आमची वाटचाल

लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावर दहा बाय बाराच्या गाळ्यात २००९ साली मी आणि धाकट्या भावानं दुकान टाकलं. सुरुवातीला फक्त दुरुस्ती आणि कार्ट्रिज भरणं. हळूहळू लोक म्हणायला लागले, "दादा, तुम्हीच एक बनवून द्या की, कंपनीचा परवडत नाही." तिथून असेंबल पीसीचं, म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचं काम लागलं आणि आजही दुकान त्याच्यावरच चालतं.

आमच्या भागात पैसा दोनदा हातात येतो. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन मोंढ्यात जातं तेव्हा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तूर विकली की. नोकरदार सोडले तर आमच्या निम्म्या गिऱ्हाइकाचं बजेट आडत्याच्या पट्टीवर ठरतं. ही साधी गोष्ट धंद्यात उतरवायला आम्हाला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत आम्ही चुका केल्या.

पहिला धक्का २०११ चा. एका टायपिंग संस्थेला दहा मशीनचं कोटेशन दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत डिस्कचे भाव दुपटीवर पोचले. शब्द दिला होता, म्हणून जुन्या भावातच माल दिला. त्या दहा मशीनवर काही उरलं नाही, उलट घरातून घालावे लागले. तेव्हापासून आमच्या कोटेशनवर "भाव तीन दिवस" असं लिहिलेलं असतं.

दुसरी चूक मात्र आमची स्वतःची होती आणि ती अजून सलते. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्या एका स्टुडिओवाल्यानं मशीन मागितलं. तीस हजारांत बसवायचं होतं. प्रोसेसर चांगला घेतला, रॅम चांगली घेतली आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तसाच ठेवला. त्याच्यावर ४५० वॅट छापलेलं होतं, आम्ही विश्वास ठेवला. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जायची, जनरेटर लागायचा, परत वीज यायची. उन्हाळ्यात एका दुपारी एसएमपीएस उडाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कवर दोन लग्नांचं चित्रीकरण होतं. पुण्याला पाठवून एका लग्नाचं परत मिळालं, दुसऱ्याचं मिळालं नाही. नवरीच्या वडिलांना भेटायला मी स्टुडिओवाल्यासोबत गेलो. ते रागावले नाहीत. "आता काय करता," एवढंच म्हणाले. खर्च आम्ही भरला, पण त्या लग्नाचा एकही हलता क्षण त्या घरात नाही.

म्हणून पैसे कुठं वाचवायचे, यापेक्षा कुठं वाचवायचे नाहीत हे आम्ही आधी सांगतो. एसएमपीएसच्या पेटीवरचा मोठा आकडा वाचू नका. बाजूच्या लेबलवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग) मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. तिथं १६ अँपिअर असेल तर बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. वर ४५० लिहिलेलं असलं तरी कामाचे एवढेच. आम्ही '८० प्लस'चा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेलाच लावतो आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली घ्यायची तयारी ठेवतो.

त्याच्या जोडीला अर्थिंग. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मशीन बसवायला गेलो की मी मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघतो. दोन-तीनच्या वर गेला की आधी खड्ड्यात पाणी ओता म्हणतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं तेव्हा, हे सांगताना जीभ अडखळायची. लोक भांडी धुतलेलं पाणी ओतायचे.

प्रोसेसरची गोष्ट त्या मानानं सोपी झाली. २०१७ मध्ये इंटेलचा स्वस्तातला पेंटियम जी ४५६० आला, दोन कोअर आणि चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चार कामं हाताळणारा, आणि गरिबाच्या मशीनला महागड्या आय-थ्रीसारखं काम जमायला लागलं. २०१८ मध्ये एएमडी कंपनीचा रायझन ३ २२०० जी आला, तो तर आमच्यासाठी सणच होता. त्याच्या आतलं ग्राफिक्स इतकं चांगलं की फ्लेक्सवाल्यांना वेगळ्या कार्डाची गरजच उरली नाही. त्या वर्षी बी ४५० बोर्डावर घेतलेली काही मशीन आम्ही पुढं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० जी या जास्त ताकदीच्या प्रोसेसरवर नेली. बोर्ड तोच, रॅम तीच. थोडे जास्त पैसे बोर्डात घाला असं आम्ही का म्हणत होतो, ते त्या गिऱ्हाइकांना तेव्हा पटलं. एक मात्र बघा: इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं मिळत नव्हती तेव्हा एक पोरगं ऑनलाइन आय-थ्री १०१०० एफ घेऊन आलं. सगळं जोडलं आणि स्क्रीन काळी.

आणि रॅम. इथं आमच्या दोघा भावांत अजून वाद होतो. आठ जीबी हवी आणि बोर्डाला दोनच स्लॉट, तर चार-चारच्या दोन घ्यायच्या की आठची एक? आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर दोन कांड्यांचा फरक दिसतो, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं आणि रस्ता दुप्पट रुंद होतो. पण मग पुढं वाढवायला जागा उरत नाही, दोन्ही काढून टाकाव्या लागतात. भाऊ म्हणतो आज चांगलं चालू द्या. मी म्हणतो एकच लावा, तूर आल्यावर दुसरी, तोवर गेम थोडा अडकेल हे तोंडावर सांगा. फॉर्म भरण्याच्या कामाला तसाही फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक मशीनसोबत आम्ही एक चिठ्ठी देतो: आज काय बसवलं, कोणता स्लॉट रिकामा, पुढच्या सुगीला काय घ्यायचं. हार्ड डिस्क त्या चिठ्ठीवर खाली असते. पहिल्या दिवशी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कचंच काम वेगानं करणारी चिप, पुरते.

औशाकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी २०२४ च्या दिवाळीत आय-थ्री १२१०० चं मशीन नेलं. चिठ्ठीवर "दुसरी रॅम : तूर आल्यावर" होतं. तुरीचे पैसे लेकीच्या फीला गेले. त्या आल्या २०२५ च्या डिसेंबरात, रॅमचे भाव आभाळाला भिडले होते तेव्हा. "दादा, एवढी कशी महागली हो?" मी सांगितलं, मोठमोठ्या कंपन्यांच्या एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चाललीय, आपल्याला उरलंसुरलं. मग मशीन उघडून बघितलं. सुरू होतानाच चौदा प्रोग्रॅम चालू व्हायचे, त्यातले अकरा नको होते. ते बंद केले, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली. "आत्ता रॅम घेऊ नका," म्हटलं. चिठ्ठीवरची ओळ तशीच ठेवली, फक्त "तूर आल्यावर" खोडून "भाव उतरल्यावर" लिहिलं.