अकरा का एकोणीस?

सोयाबीनचा ऐन सीझन, दिवाळी आठ दिवसांवर. औशाकडचा एक शेतकरी पट्टी (मालाची चिठ्ठी) धरून माझ्या गादीसमोर उभा राहिला. "मुनीम, हे अकरा हाय का एकोणीस?"

बघितलं. अक्षर माझंच, पण एकाची शेपटी अशी काही वळली होती की तो नऊच वाटत होता. कट्टे (पोती) अकराच होते. पट्टी फाडली, नवी लिहून दिली. ती लिहिताना पेन कागदावर टकटक वाजत होता. शेजारी पोत्यावर टेकलेला हमाल म्हणाला, "काका, हात थरथरायलाय की तुमचा."

लातूरच्या मार्केट यार्डात अडतीच्या दुकानावर लिहायला लागून मला एकवीस वर्षं झाली. पक्की बिलं आता कंप्युटरवर निघतात, पण काट्याजवळची कच्ची पट्टी अजून हातानंच लिहावी लागते. अक्षर हीच माझी कमाई. त्यामुळं हमालाचं ते वाक्य मला जरा लागलंच.

मला थायरॉईड आहे. बाप्यांना थायरॉईड असतो हे आमच्या यार्डात कुणाला पटत नाही. "ते तर बायकांचं दुखणं," असं तोंडावर सांगणारे भेटले. बायकांना जास्त होतो हे खरं, पण गड्यांना होतच नाही असं नाही. मला कळलं चार वर्षांपूर्वी. त्याआधी वर्षभर वाटायचं वय झालं. अंग जड, पोट साफ नाही, उन्हाळ्यात सगळे घामाघूम आणि मी स्वेटर शोधतोय. एकदा गंजगोलाईत जगदंबेच्या देवळासमोर उभा राहिलो आणि कुठल्या रस्त्यानं जायचं तेच आठवेना. गोलाईला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकाच रस्त्यावर मी पंचवीस वर्षं किराणा घेतोय. त्या दिवशी घाबरलो. तपासणीत थायरॉईड मंदावल्याचं निघालं आणि गोळी सुरू झाली. पंचवीसवरून पन्नास, पन्नासवरून पंच्याहत्तर मायक्रोग्रॅम. पंच्याहत्तरवर गाडी रुळावर आली ती दोन वर्षं नीट चालली.

मग मागच्या उन्हाळ्यात गुडघा दुखायला लागला. हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. मी हिशोबाचा माणूस, गोळ्या दोन ठिकाणी कशाला? सकाळी पाचला उठायचं, थायरॉईडची आणि कॅल्शियमची एकदमच तोंडात टाकायची, आणि वर बायकोनं ठेवलेला कपभर दुधाचा चहा. जुलैत रक्त तपासलं तर टीएसएच ११.४.

हा टीएसएच म्हणजे काय ते मला यार्डाच्या भाषेतच समजलं. थायरॉईड हा हमाल, आणि मेंदूखालची छोटी ग्रंथी हा मुकादम. हमाल ढिला पडला की मुकादम जास्त ओरडतो. टीएसएच म्हणजे त्या ओरडण्याचा आवाज. ०.४ ते ४ च्या आसपास असला की समजायचं काम बरं चाललंय. ११.४ म्हणजे मुकादम बोंबलत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन औषध चालू केलंत का?" मी म्हणालो, नाही. खोटं बोललो नव्हतो. कॅल्शियमला मी औषध धरतच नव्हतो, ती आपली ताकदीची गोळी. त्यांनी डोस पंच्याहत्तरवरून शंभर केला आणि सहा-आठ आठवड्यांनी परत रक्त द्यायला सांगितलं.

आता खरी गंमत पुढं आहे. ऑगस्टमध्ये शंभरची बाटली घ्यायला गेलो तेव्हा मेडिकलवाल्या पोरानं सहज विचारलं, "काका, गोळीनंतर चहा किती वेळानं घेता?" म्हटलं, लगेच. त्यानं कपाळाला हात लावला. ही गोळी नुसत्या पाण्यासोबत, उपाशीपोटी घ्यायची, आणि चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासानं, तासानं घेतला तर उत्तमच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून तर चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ते पोटात गोळीला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊच देत नाहीत. ॲसिडिटीच्या औषधांचंही तसंच. सोयाबीनसुद्धा आडवं येतं म्हणाला. इथं मला हसू आलं. सहा महिने सोयाबीनच्या धुळीत बसणाऱ्या माणसाला सोयाबीनपासून लांब राहा म्हणणं! (खातो कुठं आम्ही? पिकवतो आणि विकतो. घरात भाकरी ज्वारीचीच.)

मी शहाण्यासारखं सगळं पाळलं. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, चहा तासानं. डॉक्टरांना मात्र कळवलं नाही. सहा आठवड्यांनी रक्तही दिलं नाही, कारण तोवर नवीन मालाची आवक सुरू झाली होती आणि सीझनात मुनीम रजा मागत नाही.

म्हणजे एका बाजूनं डोस वाढला आणि दुसऱ्या बाजूनं गोळीची गळती थांबली. एकाच खात्यावर दोनदा जमा.

पहिला महिनाभर तर मी खूश होतो. चार किलो वजन उतरलं, पँटला नवं भोक पाडावं लागलं, यार्डात लोक विचारायला लागले कुठल्या जिमला जाता. पहाटे चारलाच डोळा उघडायचा. काम सपासप. मग झोपच येईना. डाव्या कुशीवर झालो की उशीत ठोके ऐकू यायचे, पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसे. दिवसातून तीन-चारदा संडासला पळायचं. थंडी पडायला लागलेली आणि बनियन भिजलेलं. एका हमालावर पोतं जरा तिरकं ठेवलं म्हणून असा ओरडलो की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि मग ती अकरा-एकोणीसची पट्टी.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो, कारण बरेच जण हेच करतात. छातीत धडधड गोळीनंच होत असेल म्हणून चार दिवस गोळी बंद केली. फरक? शून्य. मग मीच निकाल दिला की गोळीचा दोष नाही, हे हृदयाचंच आहे. रात्री साडेअकराला पोराच्या मागं गाडीवर बसून दवाखाना गाठला. ईसीजी निघाला. ठोके ११२, बाकी सगळं ठीक. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटचा टीएसएच कधी केला?"

सकाळी केला. ०.०८. म्हणजे मुकादम गप्पच झाला होता, अंगात गोळी जास्त होत होती.

माझी मुलगी यंदा बारावीला, नीटची तयारी करते. तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. ही गोळी रक्तातून निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे आज बंद केली तरी आठवड्यानं निम्मी शिल्लक, दोन आठवड्यांनी पाव. चार दिवसांत काय कळणार होतं? मला लगेच उमगलं. ही रोखीची गोळी नाही, उधारीची आहे. आजची जमा आज दिसत नाही, मागची बाकी पुढं ओढत येते. डोस बदलला की खातं स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, म्हणूनच डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी बोलावतात. मला इतके दिवस वाटायचं, लॅबवाल्याशी काहीतरी ठरलेलं असेल.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा कॅल्शियम, चहा, मेडिकलवाला, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "मी आकड्याला औषध दिलं, तुम्ही कारण काढून टाकलंत. दोघंही बरोबर, पण एकमेकांना न सांगता." रागावले नाहीत. फक्त बजावलं की पन्नाशीनंतर टीएसएच असा तळाला ठेवून महिनोन्महिने चालत नाही. हृदयाची लय बिघडू शकते, हाडं विरळ होतात. गुडघ्यासाठी कॅल्शियम खाणाऱ्या माणसाला हाडांचं ऐकून कसं वाटलं असेल बघा.

डोस परत पंच्याहत्तर. धडधडीसाठी दोन-तीन आठवडे एक वेगळी गोळी दिली, ती नंतर हळूहळू बंद केली. रक्त द्यायच्या दिवशी थायरॉईडची गोळी आधी घ्यायची नाही, सुई टोचून आल्यावर घ्यायची, हेही तेव्हाच कळलं.

उतरतानाचे दिवस मला चढण्यापेक्षा अवघड गेले. दोन महिने शरीराला पळायची सवय लागलेली. आता चालायला लागलं की वाटायचं मेलोच. वजन दोन किलो परत आलं. दुपारी गादीवर डुलकी लागायची आणि मनात यायचं, कपाटात शंभरची निम्मी बाटली पडलीय, एखादी घेतली तर काय बिघडतं? पैसे दिलेली वस्तू टाकायची सवय नाही. एकदा मेडिकलवर विचारलंही, शंभरची चार तुकडे करून तीन घेतले तर पंच्याहत्तर होईल ना? तो पोरगा म्हणाला, "काका, ही मायक्रोग्रॅमची गोळी आहे, गुळाची ढेप नाही."

त्या बाटलीनं एकदा फसवलंच. दोन्ही बाटल्या दिसायला भावंडं. पहाटेच्या अंधारात चुकून शंभरची घेतली आणि झाकण लावताना लक्षात आलं. एका दिवसानं काही होत नाही हे आता कळत होतं, तरी संध्याकाळपर्यंत दहादा नाडी बघितली. बायकोनं त्याच दिवशी ती बाटली उचलली. कुठं टाकली ते आजवर सांगितलं नाही.

आठ आठवड्यांनी, जानेवारीत, टीएसएच २.६. म्हणजे फिरून फिरून तोच पंच्याहत्तर. डोस आधीपासून बरोबरच होता, चुकत होता तो चहा आणि कॅल्शियम.

महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवशी आईनं विचारलं, पाण्यासोबत गोळी घेतली तर उपास मोडतो का रे? म्हटलं, आई, ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते, तिच्याइतका उपास घरात कुणीच पाळत नाही. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. मग सांगितलं, नाही मोडत.

पहाटे पाचला गोळी, सहाला चहा. तो मधला तास मी अंगणात घालवतो, कारण बायको तिचा कप पाच वाजून पाच मिनिटांनी भरते आणि आल्याचा वास दारापर्यंत येतो. पुढची तपासणी एप्रिलात, तुरीची आवक ओसरल्यावर. कॅलेंडरवर मी निळ्या पेनानं खूण केली होती. तिनं त्यावर लाल पेनानं गोल काढला.