खाणीची जनसुनावणी आणि कपाटातला अहवाल: माझा अनुभव

आमच्या शिवाराला लागून असलेल्या दगडखाणीला क्षेत्र वाढवून हवं होतं. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणीची नोटीस पेपरात आली आणि गावात दोन तट पडले. ज्यांचे डंपर खडी वाहतात, ज्यांच्या घरातलं कोणी क्रशरवर आहे ते एका बाजूला. ज्यांच्या विहिरी खाणीच्या कडेला आहेत आणि ज्यांच्या पिकावर धूळ बसते ते दुसऱ्या बाजूला. भांडण रोजचं, पण खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालात खाणवाल्यांनी नेमकं काय लिहिलंय ते कोणालाच माहीत नव्हतं.

मसुदा अहवाल कोणकोणत्या कार्यालयांत पाहायला मिळेल ते नोटिशीत छापलेलं होतं. त्यातल्या एका कार्यालयात गेलो. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "असलं काही आलेलं नाही." पुढच्या खेपेला, "आलंय, पण साहेबांच्या कपाटात आहे, आणि साहेब मीटिंगला गेलेत." नंतर मराठी सारांशाची चार पानं पुढे सरकवली, "एवढं बास की तुम्हाला." पूर्ण अहवालच हवा म्हटल्यावर, "मग माहिती अधिकार टाका."

ते आठवलं की अजून डोकं तापतं. सुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी द्यायची असते आणि माहिती अधिकारात उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. म्हणजे कागद हाती येईपर्यंत सुनावणी आटोपलेली. शेतातली कामं टाकून आलेल्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं आहे.

उपयोगी पडलं ते 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेचं परिशिष्ट 4. सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत लोकांना अहवाल पाहता आला पाहिजे, असं त्यात सरळ लिहिलंय. त्या पानाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि आवक विभागाची पोच मागितली. पोचेवर शिक्का बसला आणि त्याच दुपारी कपाट उघडलं. तोंडी मागत बसू नका, एवढंच सांगतो.

अहवाल इंग्रजीत. गावातले निवृत्त गुरुजी सोबत होते, ते वाचत गेले आणि मी पान क्रमांक टाकून लिहीत गेलो. अभ्यास 10 किलोमीटर परिघाचा, नकाशे रंगीत, पण खाणीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरी नकाशात नाहीत! काळ्या पाषाणात पाणी असतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात. खाण त्याच्या खाली गेली की विहिरीचं पाणी तिकडे ओढलं जातं. आमची खरी हरकत हीच होती.

एक सांगायचं राहिलं. शेजारच्या खाणपट्ट्यांचं अंतर मोजून ठेवा. 500 मीटरच्या आत दुसरा पट्टा असेल तर समूह धरून एकत्रित परिणाम पाहायचा प्रश्न उभा राहतो.

सुनावणी शांततेत झाली. तिथे हात वर करून मतदान होत नाही, निर्णय पर्यावरण मंजुरी देणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे असतो, म्हणून गर्दीपेक्षा नोंद महत्त्वाची. क्रशरवरचा एक पोरगा उठून म्हणाला, "काम बंद नको, पण सुरुंगाची वेळ ठरवा आणि रस्त्यावर पाणी मारा." आमच्या बाजूनेही त्याला टाळ्या पडल्या.

शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवावा लागतो. तोवर निम्मे लोक घरी निघालेले असतात. तुम्ही थांबा. आमच्या विहिरींबद्दल फक्त "पाण्याबाबत चिंता व्यक्त केली" एवढंच लिहिलं होतं. उभं राहून हरकत घेतली, तेव्हा गट क्रमांकांसह विहिरी नोंदवल्या गेल्या आणि मगच सही झाली. त्या एका दुरुस्तीचा मला अभिमान आहे.

इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावलं की लगेच फोटो काढून ठेवा. प्रकरण आता त्या प्राधिकरणाला शिफारस करणाऱ्या राज्याच्या समितीपुढे आहे आणि खाणवाल्यांना विहिरींची पाहणी नव्याने करून द्यायला सांगितलंय.