टर्नटेबलखाली रबर सारण्याआधी

टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) खालची कंपनं सुईपर्यंत पोचली की आवाज बिघडतो. ती आणणारा चोर कोण ते आधी शोधा. प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी तबकडी) बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीइतका ठेवा आणि शेल्फवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून 'ठक' स्पष्ट आलं तर दोष शेल्फचा. मग खोलीत चाला. कानाला काही कळलं नाही, पण वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) कोन सावकाश आतबाहेर झाला, तर जमीन हलतेय.

गिरगावातल्या जुन्या चाळींत लाकडी तुळयांवरच्या जमिनीला इलाज एकच: भिंतीतलं शेल्फ. तेही बाहेरच्या जाड भिंतीत, अँकर फास्टनर ठोकून. चार इंची पार्टिशनमध्ये नको, ते स्वतःच थरथरतं. आरसीसी स्लॅबवर पावलांचा त्रास कमी. तिथे बहुतेक वेळा स्पीकर त्याच टेबलावर असतात, ते आधी उतरवा.

आता रबर. टर्नटेबलच्या वजनाने आधार 1 सेंमी दबला, तर त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा झुलतो, साधारण 5 हर्ट्झ. 2 मिमीच दबला तर 11. या आकड्याच्या 1.4 पटीवर गेल्यावरच कंपनं अडायला लागतात. त्याच्या आसपास ती उलट वाढतात. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई धरणारी डबी) यांचा रेझोनन्स, म्हणजे ते आपणहून झुलतात ती फ्रिक्वेन्सी, बहुधा 8 ते 12 हर्ट्झमध्ये पडतो. म्हणजे जेमतेम दबणारे रबरी पॅड नेमके नको तिथे झोका देतात. महागडे असले तरी.

स्वस्तातला जुगाड: लहान मुलांच्या 12 इंची सायकलची ट्यूब, खाली-वर 18 मिमी प्लायवुड, त्यावर नमदा आणि मग 45×40×2 सेंमीचा काळा कडप्पा (साधारण 10 किलो), त्यावर टर्नटेबल. नमदा विसरलात तर कडप्पा घंटेसारखा वाजेल. हवा निम्मीच भरा. ट्यूब टणक झाली की सगळं मुसळ केरात. व्हॉल्व्ह बाहेर काढून ठेवा, कारण हवा हळूहळू उतरतेच. दर पंधरा दिवसांनी पंप मारून प्लॅटरवर लेव्हल बॉटल (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) ठेवून पाहा. मागची वायर सैल सोडा; ताणलेली वायर टेबलाची थरथर थेट वर पोचवते.

विसर्जनाचे ढोल मात्र हवेतून येतात, त्यांना ट्यूब काय करणार? खिडक्या लावा. आणि प्लास्टिकचं झाकण रेकॉर्ड वाजताना काढूनच ठेवा, ते ताशाच्या कातड्यासारखं आवाज झेलतं.